दोन मिनिटं दहा

रात्रपाळी सुटते सातला.
मिशीवर सुताचा भुसा, डोळ्यांत पण.
सायकल घराकडं वळायला हवी,
ती वळते विडी घरकुलच्या मागच्या मैदानाकडं,
जिथं बिराजदार सर चुन्यानं पाट्या आखतात
आणि आमची अखिला
अनवाणी पाय मातीत घासत असते वासरागत.

बावीस वर्षं मागाजवळ उभं राहून कान गेले माझे.
अर्धे गेले म्हणा. अर्ध्यात संसार चालतो.
कारखान्यात आम्ही ओठ वाचूनच बोलतो,
पगाराचं, पोरांच्या फीचं, शिव्यासुद्धा.
म्हणून मला 'खो' ऐकू येत नाही.
दिसतो.
पाठीवर हात पडतो, तोंड गोल होतं,
आणि बसलेली पोर उठायच्या आधीच
मी उठलेला असतो चिंचेखाली.

ही बसते बाजूला, मांडीवर सूप,
सुपात पानं, जर्दा, दोरा, कात्री.
हजार विड्या म्हणजे हजार विड्या,
पोरगी पळो न पळो.
"मी कुठं बघतेय," म्हणते.
पण अखिला खांबाला वळसा घालते तेव्हा
हिच्या बोटांत पान थांबतं,
आणि संध्याकाळी चाळीस विड्या छाटात जातात, सैल वळल्या म्हणून.
त्या कुठल्या मिनिटाच्या, ते मला माहीत.

परवा पार्कवर सामना होता, बार्शीच्या पोरींशी.
मुकादमाला सांगितलं, आत्या वारली.
तीच आत्या गेल्या वर्षी पण वारली होती.
तो म्हणाला, "काय बे,
आत्या यंदा जिल्ह्याला वारली का विभागाला?"
आणि सुट्टी दिली.

घड्याळ पंचाच्या हातात असतं.
माझं टाचेत आहे.
मागाचा ठेका, मिनिटाला एकशे वीस,
झोपेतसुद्धा चुकत नाही.
अखिला आत शिरली तशी टाच सुरू झाली आपोआप.
"पाय हलवू नका," ही म्हणाली, "सूप हलतंय."

लोक म्हणतात, धोट्यागत पळते तुमची.
मी हसून सोडतो.
धोटा मी ओळखतो. फेकाल तिथं जातो तो.
ही हूल देते.
डावीकडं बघते, उजवीकडं निघते.
आमच्या घरात हे आजवर
कुणालाच जमलेलं नाही.

दोनशे चाळीस ठोके. दोनशे पन्नास.
एका उंच पोरीनं सूर मारला,
बोटाचं टोक, नुसतं टोक,
अखिलाच्या टाचेला.
शिट्टी वाजली असावी.

दोन मिनिटं दहा, मी म्हटलं.
पंचानं नंतर तेच लिहिलं.
एका गुणानं हरलो.
येताना तिनं बर्फाचा गोळा खाल्ला,
जांभळी जीभ दाखवली आम्हाला
आणि रिक्षात आईच्या मांडीवर झोपली,
सुपाच्या जागी.

आता दहावी.
परीक्षेपर्यंत मैदान बंद, हे तिनंच ठरवलं.
आतून कडी लावून भूमिती करते.
पहिला आठवडा आम्ही शहाण्यागत राहिलो.
मग एका सकाळी सायकल वळलीच.
चिंचेखाली बघतो तर
ही आधीच येऊन बसलेली, सूप घेऊन.
एकमेकांकडं बघितलं नाही आम्ही.

पाटीत एक नवी पोरगी, काटकुळी,
कुणाची ते विचारलं नाही.
तीनदा पडली.
चौथ्यांदा खांबाला गर्रकन वळली,
तसे हिचे ओठ हलले:
"किती झाले?"

टाच चालूच होती माझी.
"थांब," म्हटलं,
"अजून आत आहे."